बेसबॉलसाठी हे ग्राउंड घेताय तर आधी भिंतीपर्यंत चालत जाऊन या

चार स्टार. पाचवा कापलाय तो उजवीकडच्या विटांच्या भिंतीसाठी, आणि ती भिंत ग्राउंडवाल्यांनी आम्हाला बरीच सुधारू दिली म्हणून एकच कापलाय, नाहीतर जानेवारीत लिहिलं असतं तर दोन कापले असते.

आधी सगळे जे विचारतात ते सांगून टाकतो. रविवारी सकाळी दोन तासांचे १८०० रुपये, बुकिंग फोनवर, ५०० अ‍ॅडव्हान्स, आणि पाऊस आला तर ते पैसे पुढच्या रविवारी वळते करतात, कटकट करत नाहीत. बायपासला लागून आहे म्हणून इंदूर शहरातून यायला सोपं, पार्किंग भरपूर, पाणी थंड. लेडीज बाथरूमची कडी आतून नीट लागत नाही, तीनदा सांगितलंय, करून घ्या हो. कँटीनचे पोहे सातला येतात, वर शेव आणि जीरावन मसाला, गरमागरम, जिलेबी मात्र नऊनंतर. गवत छान राखलेलं, खड्डे नाहीत.

आता मुद्द्याचं. आम्ही इथे सात महिने दर रविवारी साडेसहा ते साडेआठ बेसबॉल खेळतोय. सुदामा नगर, लोकमान्य नगर, रामबाग अशी सगळी आपलीच मंडळी, कुणी शाळेत सॉफ्टबॉल खेळलेलं, कुणी जन्मभर फक्त क्रिकेट, माझा पुतण्या आणि भाची दोघंही येतात, आणि अंपायर मी, कारण गुडघा आता पळू देत नाही आणि नियम वाचायची मला मनापासून आवड आहे. ग्राउंड बनलंय क्रिकेटसाठी. आम्ही एका कोपऱ्यात होम प्लेट, म्हणजे बॅटरची जागा, ठेवतो आणि टेपने मोजलं तर डावीकडची जाळी २१० फुटांवर येते आणि उजवीकडची भिंत २३५ वर. अमेरिकेतल्या मेजर लीगच्या रूलबुकात कुंपण निदान २५० फूट लांब हवं असं आहे, आणि १ जून १९५८ नंतर बांधलेल्या प्रोफेशनल मैदानांना तर दोन्ही बाजूंना ३२५ आणि मधोमध ४०० फूट. आम्ही थोडा मऊ प्रॅक्टिसचा बॉल वापरतो तरीही बरा फटका बसला की बॉल थेट भिंतीशी जातो, दर इनिंगला एक तरी, म्हणजे आमची निम्मी मॅच भिंतीपाशीच ठरते.

जानेवारीतला रविवार होता, धुकं नुकतंच उठलेलं. शेवटची इनिंग, एक आउट, सेकंड बेसवर (वाटेतल्या तीन थांब्यांपैकी दुसऱ्यावर) रनर. बॉल उजवीकडे उंच गेला. पुतण्या पाठमोरा पळत सुटला, मान वर, आणि भिंतीच्या दोन पावलं अलीकडे बॉल त्याच्या ग्लव्हमध्ये बसला, मला अगदी स्वच्छ दिसला, आवाज पण आला. आणि पुढच्याच क्षणी खांदा विटांवर. तो भिंतीला घासत खाली बसला, ग्लव्हचा हात जमिनीवर आपटला आणि बॉल निसटून वीतभर लांब गवतात गेला. मी हात आडवे केले, नॉट कॅच. रनर होम प्लेटला परत आला म्हणजे रन झाला, बॅटर सेकंडला पोचला. "काका, अहो दोन पावलं बॉल हातात घेऊन पळालोय मी!" हे त्याचं पहिलं वाक्य होतं, खांद्याकडे बघायच्या आधी.

यावर आमच्याकडे तासभर वाद झाला आणि अजून नवीन आलेली मंडळी तेच विचारतात म्हणून इथेच सविस्तर लिहितो. नियम असा आहे की हवेतला बॉल हातात किंवा ग्लव्हमध्ये पक्का धरला पाहिजे, आणि बॉलला स्पर्श होतानाच किंवा त्याच्या लगेच नंतर फील्डर भिंतीवर किंवा दुसऱ्या खेळाडूवर आदळला किंवा पडला आणि त्यामुळे बॉल सुटला, तर तो कॅच नाही. किती सेकंद धरायचा ते कुठेच लिहिलेलं नाही. बघायचं इतकंच की बॉलवर पूर्ण ताबा आहे आणि तो हातातून गेला तर त्याने स्वतःच्या मर्जीने सोडलाय. पुतण्या आपटून स्थिर झाला असता, उठून बॉल दुसऱ्या हातात घेऊन फेकायला गेला असता आणि तेव्हा सांडला असता तर आउट दिला असता, कारण फेकताना सुटलेला बॉल कॅच धरतात. या हात बदलण्यावरून मेजर लीगमध्येही २०१४ च्या सीझनच्या सुरुवातीला फार गोंधळ झाला होता, फारच कडक निकाल द्यायला लागले होते, शेवटी एप्रिलमध्येच त्यांना तो अर्थ बदलावा लागला.

आपण क्रिकेटवाल्यांना खरं तर हे नवीन नाही. क्रिकेटमध्येही बॉलवर आणि स्वतःच्या शरीरावर, दोन्हींवर ताबा आल्याशिवाय कॅच पूर्ण होत नाही. गोंधळ होतो तो दुसरीकडे, आपल्या डोक्यात दोरी बसलेली असते ना, तिथे. २९ जून २०२४ चा बार्बाडोसचा सूर्याचा कॅच सगळ्यांना पाठ आहे, बॉल आत उडवला, स्वतः दोरीपलीकडे गेला, परत आत येऊन धरला, कारण बॉल हातात असताना पाय दोरीला लागला असता तर मिलरला सिक्स मिळाला असता. बेसबॉलमध्ये भिंतीला हात लावा, पाठ टेकवा, भिंतीवर पाय रोवून वर उडी मारा, कुंपणावरून कमरेपर्यंत पलीकडे वाका, सगळं चालतं. आतून उडी मारून बॉल धरला आणि बॉलसकट कुंपणापलीकडे जाऊन पडला तरी बॅटर आउटच, फक्त बॉल सुटला नाही पाहिजे. पण, आणि हे पोरं विसरतात, तो पलीकडे पडला की बॉल डेड होतो, म्हणजे खेळ तिथेच थांबतो, आणि बेसवरच्या प्रत्येक रनरला एक एक बेस फुकट मिळतो. थर्डवर रनर असेल तर तुम्ही भन्नाट कॅच घेऊन रन देऊन बसता. म्हणून मी भाचीला सांगत असतो की वाक हवी तेवढी पण पाय आत ठेव.

आत राहण्याचा फायदा काय असतो ते बघायचं तर २००६ चा न्यूयॉर्क मेट्सचा एंडी चावेझ बघा, १९ ऑक्टोबर, नॅशनल लीगच्या फायनल सिरीजची सातवी मॅच, शे स्टेडियम. स्कॉट रोलेनचा फटका भिंतीपलीकडे गेलेलाच होता, चावेझने उडी मारून हात पार पलीकडे नेऊन ग्लव्हच्या टोकात बॉल ओढून आणला, आइस्क्रीमच्या कोनात वर गोळा दिसतो ना तसा अर्धा बॉल बाहेर दिसत होता. आणि उतरला तो आत उतरला. म्हणजे बॉल जिवंत, खेळ चालूच. रनर जिम एडमंड्स होम रन (बॉल थेट कुंपणापलीकडे, आपल्या सिक्ससारखा) समजून फर्स्ट बेस सोडून बराच पुढे गेलेला, बॉल परत आतल्या बाजूला फेकला, तो बेसवर परतायच्या आत तिथे पोचला आणि तोही आउट. दोन रन जायचे तिथे दोन आउट. मी हा व्हिडिओ कमीत कमी ५० वेळा बघितलाय आणि दर वेळी अंगावर काटा येतो. मेट्स ती मॅच हरले, तरी लोकांना आठवतो तो कॅचच.

परत भिंतीकडे येतो. पुतण्याचा शर्ट खांद्यावर फाटला, कातडी सोलली, जखमेत विटांची लाल भुकटी गेली होती, नळाखाली धरून धुतली तेव्हा तो दात आवळून उभा होता. हाड शाबूत होतं, देवाची कृपा. मॅनेजरला दाखवलं तर म्हणाला, "भिया, यहां तो क्रिकेट होता है, दीवार तक कौन जाता है." तसं त्याचं खोटं नाही, क्रिकेटची दोरी भिंतीच्या बरीच आत असते. पण बेसबॉल खेळायला ग्राउंड देता, पैसे घेता, तर भिंत ही खेळाचा भाग आहे हे समजून घ्यायला पाहिजे. ब्रुकलिन डॉजर्सचा पीट रायझर १९४० च्या दशकात मैदानांच्या काँक्रीटच्या भिंतींवर इतक्या वेळा आदळला, स्ट्रेचरवरून बाहेर नेला गेला, की एवढ्या गुणी खेळाडूचं करिअरच संपलं, आणि मग कुठे भिंतींना पॅडिंग आणि भिंतीच्या आधी मातीचा पट्टा ही गोष्ट लोकांनी मनावर घेतली. त्या पट्ट्याला वॉर्निंग ट्रॅक म्हणतात. फील्डरचं लक्ष आकाशात असतं, मागे वळून बघायची सोय नसते, पण पायाखाली गवत संपून माती लागली की त्याला कळतं की आता तीन-चार पावलांवर भिंत आहे.

आम्ही मॅनेजरला म्हटलं मुरूम टाकू द्या, तर नाही म्हणाले, क्रिकेटवाली पोरं घसरतात, त्यांचे गुडघे फुटतील. फक्की मारून रेषा आखली पण वर बघणाऱ्याला रेषा काय उपयोगाची. मग तिथले माळीकाका आहेत, वयस्कर, फार बोलत नाहीत, त्यांनीच सुचवलं की भिंतीलगतचा दहा फुटांचा पट्टा मी कापतच नाही, गवत वाढू देतो. आणि काय सांगू, इतकं छान झालं! बुटाला गवत घासायला लागलं की पोरं आपोआप सावध होतात, हात मागे नेऊन भिंत चाचपतात आणि मग उडी मारतात. एक पैसा खर्च नाही. या माणसासाठी वेगळे पाच स्टार द्यायची सोय असती तर दिले असते.

पॅडिंग आम्ही वर्गणी काढून केलं. गादीवाल्याकडून चार इंची फोमच्या पट्ट्या कापून घेतल्या, वरून रेक्झिनचं कव्हर, ते ऑटोच्या सीट शिवणाऱ्याकडून शिवून घेतलं, त्याने शिलाई दुहेरी घातली आणि मागे पट्टे लावून दिले, सगळे मिळून ९४०० रुपये गेले. ग्राउंडने भिंतीत हूक ठोकून दिले आणि पॅड ठेवायला स्टोअरमध्ये जागा दिली, पण पैशात काही वाटा घेतला नाही, आणि पॅड पुरतात ते ६० फुटांना, बाकी भिंत अजून उघडीच. पाचवा स्टार तिथे अडकलाय. ती उरलेली भिंत झाकाल त्या दिवशी मी स्वतः हा रिव्ह्यू बदलीन.

डावीकडची बाजू वेगळी आहे. तिथे चार फुटी तारेची जाळी आणि पलीकडे लगेच कँटीनच्या खुर्च्या. जाळीच्या वरच्या कडेला तारेची टोकं उघडी होती, हात वर नेऊन कॅच घेताना मनगट फाटेल अशी. आम्ही बागेचा पिवळा पाइप आणला, ब्लेडने उभा चिरला आणि जाळीच्या कडेवर बसवला. टोकं झाकली गेली आणि शिवाय होम रनची रेषा लांबून दिसायला लागली, मोठ्या मैदानांवर भिंतीच्या वरच्या कडेला पिवळी पट्टी असते तशी. आता बॉल जाळीच्या वरून गेला की जाळीला लागून परत आला हे मला होम प्लेटच्या मागून पण सांगता येतं. जाळीला लागून परत उडालेला बॉल फील्डरने हवेत धरला तर आउट नाही बरं का, हे पण खूप जण चुकतात. फील्डर सोडून दुसऱ्या कशालाही बॉल लागला की तो हवेतला बॉल राहिला नाही. उलट एका फील्डरच्या ग्लव्हला लागून उडाला आणि दुसऱ्याने जमिनीला किंवा जाळीला लागायच्या आत धरला तर आउट. आणि ग्लव्हला लागून जाळीवरून थेट पलीकडे गेला तर आमच्याकडे होम रन. ग्लव्हच कशाला, २६ मे १९९३ ला टेक्सासच्या होजे कॅन्सेकोच्या डोक्यावर बॉल आपटून भिंतीपलीकडे गेला होता, तोही होम रनच दिला.

खुर्च्यांचा प्रश्न मोठा निघाला. मार्चमध्ये भाची जाळीवर वाकली, हात पूर्ण पलीकडे, बॉल ग्लव्हमध्ये येणार इतक्यात खुर्चीवर उभ्या एका छोट्या मुलाने दोन्ही हातांनी बॉल झेलला. मुलगा आनंदाने नाचतोय, भाची माझ्याकडे बघतेय, डोळ्यांत पाणी. मी होम रन दिला. जाळीच्या कडेवरून सरळ वर एक अदृश्य पडदा आहे असं समजायचं. प्रेक्षकाने त्या पडद्याच्या आत, म्हणजे मैदानात हात घालून सरळ सरळ कॅच अडवला तर बॅटर आउट. पण फील्डरने स्वतः पडद्यापलीकडे हात नेला तर ती त्याची जोखीम, तिथे प्रेक्षकाला बॉल धरायचा हक्क आहे. भाचीचा ग्लव्ह पलीकडे होता, मुलाचे हात प्रेक्षकांच्या बाजूलाच होते.

हा निकाल देताना माझा आवाज घट्ट होता पण रात्री झोप लागली नाही, कारण अर्धा फूट इकडे तिकडे झालं असतं तर निकाल उलटा. मोठ्या अंपायरांचंही हेच होतं. ९ ऑक्टोबर १९९६ ला न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर यांकीजच्या डेरेक जीटरचा फटका, भिंतीपाशी समोरच्या टीमचा फील्डर टोनी टरास्को वाट बघत उभा, आणि १२ वर्षांच्या मुलाने हात घालून बॉल ओढून घेतला. अंपायर रिच गार्सियाने होम रन दिला, नंतर रिप्ले बघून त्यांनीच मान्य केलं की प्रेक्षकाचा अडथळा झाला होता, पण तोवर यांकीज ५-४ जिंकले होते. बाउंड्रीच्या होम रनसाठी व्हिडिओ बघायची सोय २००८ मध्ये आली आणि तरी २०१८ मध्ये ह्यूस्टनला होजे आल्टुवेच्या फटक्यावर मुकी बेट्सचा ग्लव्ह प्रेक्षकांच्या हातांनी मिटला तेव्हा अंपायर जो वेस्टने आउट दिला, आणि रिप्लेमध्ये तो निकाल बदलण्याइतकं ठोस काही सापडलं नाही म्हणून तोच कायम राहिला. त्याच बेट्सचं २०२४ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये तर एका प्रेक्षकाने ग्लव्हच धरून उघडायला घेतला आणि दुसऱ्याने त्याचा दुसरा हात धरला, तिथे निकाल सोपा होता, आउट लगेच दिला.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरला फोन केला की खुर्च्या मागे घ्या. या बाबतीत मात्र माणूस चांगला निघाला, पुढच्या रविवारी आम्ही पोचायच्या आत खुर्च्या सहा फूट मागे होत्या आणि पुढे दोरी बांधलेली. त्या मुलाचे वडील आता मॅच सुरू व्हायच्या आधी बाकीच्यांना स्वतः सांगतात की जाळीवरून हात आत घालू नका.

बाकी दोन बारीक गोष्टी. डाव्या कोपऱ्यात बोगनवेल जाळीवर चढलीय, तिच्यात बॉल अडकतो आणि काट्यांमुळे काढता येत नाही. शिकागोच्या रिग्ली फील्डवर भिंतीवर वेल आहे, १९३७ पासून, तिथे बॉल वेलीत अडकला तर फील्डर दोन्ही हात वर करतो आणि बॅटरला दोन बेस मिळतात. आम्ही तोच नियम घेतला. हात वर करायचा आणि बॉलला शिवायचं नाही, शोधायला हात घातला की बॉल जिवंत. तुमचा ग्रुप वेगळं ठरवू शकतो, फक्त टॉसच्या आधी दोन्ही कॅप्टन आणि अंपायरने ठरवा, रूलबुकात तशी सोय आहेच. दुसरं, जाळीत मधोमध एक छोटं फाटक आहे, कँटीनवाला चहा घेऊन येतो आणि उघडं टाकतो. आमचा लेफ्ट फील्डवाला एकदा त्यातून बाहेर गेला, बाहेर दोन्ही पाय टेकवून उभा राहिला आणि मग कॅच घेतला. अप्रतिम घेतला, पण बाहेर उभं राहून घेतलेला कॅच चालत नाही, तो होम रन. फाटकाला कडी लावून मगच पहिला बॉल टाका.

पॅड हवे असतील तर माळीकाकांकडे मागा, आमचे आहेत पण कुणीही लावा, आमची काहीच हरकत नाही, फक्त ओले असतील तर उन्हात टाकून मग स्टोअरमध्ये ठेवा. साडेआठला क्रिकेटवाले येतात आणि हूकवरून पॅड उतरवायला दहा मिनिटं जातात, म्हणून आठ वीसनंतर नवीन इनिंग सुरू करू नका.